गावभागातलं फायबर : सहा महिन्यांचा ताळेबंद

२० डिसेंबरची संध्याकाळ. साडेआठ वाजून गेलेले, मार्केट यार्डातल्या एका बेदाण्याच्या अडत्याचं थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं राहिलेलं, ओटीपी येऊन फोनवर पडलेला, आणि पडद्यावर नुसतं गोल फिरतंय. थ्री-बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. ते पैसे अडत्या देईल, पण पुढच्या महिन्यापासून फाइल दुसऱ्याकडे नेईल. शेवटी परड्यात तुळशीशेजारी खुर्ची टाकली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि रिटर्न भरलं. घरात १०० एमबीपीएसचं फायबर होतं बरं का.

मी घरी बसून हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे: पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी कामाची खोली. भिंती काळ्या दगडाच्या, दोन-दोन फुटी. २०१९ च्या महापुरात तांब्याच्या तारेचा टेलिफोन गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर मोबाइलच्या नेटवरच भागवत होतो. दिवाळी झाल्यावर गल्लीतल्या केबलवाल्याने फायबर आणलं आणि आम्ही घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचा माणूस चार घरं सोडून राहतो, रोज तोंड बघायचं असतं.

आधी पैशांचं सांगते. महिन्याला ४९९ रुपये, सहा महिन्यांचे एकदम भरायचे. २,९९४ आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे ३,५३२ रुपये ९२ पैसे. त्याने ३,५३३ घेतले आणि वहीतलं पान फाडून ‘पैसे मिळाले’ असं लिहून दिलं. माझ्याकडून! जीएसटीचे पैसे घ्यायचे आणि बिलावर जीएसटीचा नंबर नाही, हे निदान मला तरी चालणार नव्हतं. ‘वहिनी, बिल कशाला, घरचंच आहे की,’ म्हणाला. मी म्हटलं, सरकारही घरचंच आहे. पंधरा दिवसांनी पक्कं बिल आलं, ९ आणि ९ वेगळे दाखवलेलं. इथवर सगळं ठीक.

जोडणी करायला दोन पोरं आली ती दुपारी जेवणाच्या वेळेला. घाईत होती. गच्चीच्या पाइपावरून काळी तार खाली घेतली, सोप्यात आणली, माजघराच्या चौकटीतून वळवली आणि आत कोनाड्यात पांढरी पेटी ठेवली. ओएनटी म्हणतात तिला. काचेच्या तारेतला उजेड तिथे येतो आणि पुढे वायफाय होऊन घरभर जातो. पोराने पेटीला फोन जवळजवळ चिकटवूनच स्पीड टेस्ट केली, आकड्याचा फोटो काढला, आणि वीस मिनिटांत दोघं गेली. माझ्या मागच्या खोलीत त्यांनी डोकावूनही पाहिलं नाही. मीही म्हटलं नाही. चूक तिथेच झाली.

मागच्या खोलीत पहिल्या दिवसापासून पान उघडायला वेळ लागायचा. पण मोबाइलच्या नेटवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हेच बरं वाटतं. २० डिसेंबरनंतर मात्र मी वही काढली.

हिशेबाच्या कामात एक सवय लागते. मेळ बसला नाही तर आरडाओरडा करायचा नाही, कुठल्या पानावर गळती आहे ते शोधायचं. कंपनी १०० दिले म्हणते, माझ्या पदरात ६ पडतात. मधले ९४ कुणाच्या नावे टाकायचे? एका जुन्या रोजकीर्दीत रकाने पाडले: तारीख, वेळ, तारेने की वायफायने, कुठल्या खोलीत, स्पीड, पिंग (म्हणजे हाक मारल्यावर उत्तर यायला लागलेला वेळ), शेरा. एक मात्र आधी समजून घेतलं होतं. हे १०० म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागायचं, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. १०० एमबीची फाइल आठ सेकंदांत उतरली की कंपनीने माल पुरा दिला.

पहिली नोंद लॅपटॉप कोनाड्यापाशी नेऊन, पेटीला तारेने जोडून केली. ९४. मग १०० का नाही? पेटीचं पोर्टच १०० चं आहे, आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाला नाव-पत्त्याचं वेष्टन लागतं, त्यात पाच-सहा जातात. यार्डात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं: बारदान वजा जाता ९४. तक्रार नाही. मग वायफायवर पेटीसमोर ४५, माजघराच्या दुसऱ्या टोकाला १८, माझ्या खोलीत ६. म्हणजे माल उंबऱ्यापर्यंत येत होता, घरात सांडत होता.

फुकट दिलेली ती पेटी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. फोनवर एक वायफाय तपासायचं अॅप टाकलं तर आसपासची १४ कनेक्शनं दिसली, त्यातली ९ एकाच चॅनेलवर, सहावर. २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सगळी गल्ली सहावर बसलेली, आणि त्यात आमचा मायक्रोवेव्ह. तो साधारण त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे दूध गरम करायला ठेवलं की माझा पोर्टल अडकायचा. पेटीचा चॅनेल १ वर नेला. ६ चे ११ झाले. दुप्पट म्हणावं तर दुप्पट.

मग हरभट रोडवरून टीपी-लिंकचा आर्चर सी६ आणला, २,३५० रुपयांना, पक्क्या बिलासकट. याच्यात २.४ आणि ५ दोन्ही पट्टे आहेत आणि तारेची पोर्टं गिगाबिटची आहेत. खोक्यावर १२०० लिहिलंय, म्हणजे ५ वरचे ८६७ आणि २.४ वरचे ३०० मिळवून, वर गोल करून केलेली बेरीज. आमच्या धंद्यात अशी बेरीज केली तर नोटीस येते. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि घरात येणारंच मुळात १०० आहे. तरीही राउटर चांगला आहे. माजघरात आणि सोप्यात ५ वर ९० च्या वर मिळतं, सासूबाईंच्या टीव्हीची रड गेली. पण एक भिंत ओलांडली की ४०, आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे ५ चा पट्टा पोचतच नाही. दोन फुटी काळ्या दगडापुढे चार अँटेना काय नि चाळीस काय. जुन्या घरात राहत असाल तर दुकानदार सांगेल तो महागडा राउटर घेऊ नका, तार ओढा. आम्ही झरोक्यातून ६० फूट कॅट-६ केबल नेली, फुटाला १८ प्रमाणे १,०८० रुपये. माझ्या टेबलावर ९४ आले. सगळ्या खर्चात हा सगळ्यात सार्थकी लागला.

इथे मेळ बसायला हवा होता. दिवसा बसतही होता. संध्याकाळी सात वाजून गेले की पुन्हा पहिले पाढे.

तारेवरसुद्धा. वहीतली ३ जानेवारीची नोंद अशी आहे: ७.४० ला ११, ७.५० ला ६०, ८.०५ ला ४. लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडून पिंग लावलं. एक राउटरला, १९२.१६८.०.१ ला, एक बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरकडून उत्तर न चुकता १ मिलिसेकंदात. बाहेरून दिवसा १८, १९, १८ असं घड्याळासारखं येणारं उत्तर आता १८, टाइम्ड आउट, टाइम्ड आउट, २१०, टाइम्ड आउट. घरातलं पाकीट घरात पोचतंय, बाहेर मध्येच गहाळ होतंय. आणि एक पान म्हणजे एक पाकीट नव्हे. चित्रं, अक्षरांचे साचे, जाहिराती असे पन्नास-शंभर तुकडे वेगवेगळे मागवले जातात. त्यातला एक हरवला की वाट बघायची, पुन्हा मागायचा. म्हणून पोर्टलचं डोकं दिसायचं आणि धड यायचं नाही.

हेल्पलाइनला फोन केला. ‘मॅम, राउटर रीस्टार्ट केलात का?’ केला. ‘मॅम, पुन्हा एकदा करून बघाल का?’ तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोरगा आला, तार लावली, ९४ दिसले, फोटो काढला. संध्याकाळी तक्रार सोडवल्याचा मेसेज, आणि त्याच वेळी नेट बंद. असं तीनदा. संध्याकाळी ये म्हटलं तर ड्युटी सहाला संपते. गल्लीतला माणूस म्हणाला, ‘वहिनी, रात्री लोड असतोय ओ, सगळेच बघत बसत्यात.’

हे कारण अगदीच हवेतलं नाही. या पद्धतीत एका मुख्य तारेचा उजेड फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरांना देतात, आणि सगळ्यांत मिळून खाली यायची वाट अडीच गिगाबिटची. गर्दी होऊ शकते. म्हणून एका रात्री नऊ वाजता लॅपटॉप घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेले. तीच कंपनी, तोच प्लॅन, त्याच खांबावरून आलेली तार. ९१. लोडचं कारण निकालात निघालं. वहिनींनी चहा केला, मी तोंड पाडून घरी आले.

आता एक गोष्ट मला लिहायलाच हवी. डिसेंबरातच सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘अगं, दार लावलं की माझं कीर्तन अडकतं.’ पंढरपूरहून थेट लागतं ते बघतात त्या. मी म्हटलं, आई, दाराचा आणि नेटचा काही संबंध नसतो, टीव्ही बंद करून परत लावा. हेल्पलाइनवाल्या मुलीला फार बोलायला मला तोंड नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. संध्याकाळी सहापासून बायका येत-जात होत्या, साडेनऊपर्यंत दारं सताड उघडी. रात्री झोपताना सवयीने वहीत नोंद केली: ८.१५, ९३. ८.४५, ९४. ९.१०, ९३. शेऱ्यात लिहिलं ‘ह.कुं.’ आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. लोडच्या वेळेला ९४? बायका हळदीकुंकवाला गेल्या म्हणून सांगलीभर टीव्ही बंद पडले काय? प्रश्नचिन्हावरच थांबले, उत्तर काही सुचलं नाही.

तिसरी तक्रारही ‘सोडवली’ गेल्यावर मी अपील केलं. हे फार जणांना माहीत नसतं. ट्राय म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील ऐकणारा अधिकारी ठेवावाच लागतो, आणि अपिलाला फी नसते. डॉकेट नंबर लिहिले, वहीच्या तीन पानांचे फोटो जोडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता एक मुलगा आला, वीस-बावीसचा, पाठीवर सॅक. स्पीड टेस्ट केलीच नाही. सॅकमधून एक पिवळं मीटर काढलं, पेटीची हिरव्या तोंडाची पिन उपसली आणि मीटरला लावली.

‘काकू, पॉवर लई खाली आहे ओ. उणे २९.’

किती पाहिजे विचारलं. म्हणाला, उणे २७ च्या वर. त्याखाली गेलं की पेटीला धड वाचता येत नाही. म्हणजे अंधारात पत्र वाचायचं, अर्धं अक्षर लागतं, अर्धं लागत नाही. तो पिनकडून मागे मागे तार चाचपत गेला. कोनाडा, भिंत, चौकट. माजघराच्या दारापाशी थांबला. डास येतात म्हणून दिवेलागणीला हे दार आम्ही लावतो, सकाळी उघडतो. वर्षानुवर्षं.

‘काकू, दार उघडा बरं.’

उघडलं. मीटरवर उणे २२.

‘लावा.’

उणे २९.

‘उघडा.’

उणे २२. सासूबाई पलंगावरून बघत होत्या, त्यांना वाटलं आम्ही खेळतोय. मी पुन्हा एकदा स्वतः लावून पाहिलं, विश्वास बसेना म्हणून. तार बिजागरीजवळून वळवलेली होती. दार लागलं की सागवानी फळी तिला चौकटीवर दाबायची आणि तार नखाएवढ्या वळणात मुडपायची. काचेतला उजेड सरळ किंवा मोठ्या वळणाने जातो, इतक्या तंग वळणावर तो बाहेर सांडतो. हे आकडे लॉगरिदमचे असतात, २२ आणि २९ मध्ये सात दिसत असले तरी प्रत्यक्षात उजेड पाचव्या हिश्श्यावर येतो. तीन पोरं दिवसाढवळ्या येऊन ९४ चा फोटो काढून गेली, कारण दिवसा दार उघडं असतं.

‘बघ, मी म्हटलं होतं,’ सासूबाई म्हणाल्या. हे हसत होते. मी वही मिटली.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. त्याने दबलेला तुकडा कापला, दारावरच्या झरोक्यातून नवीन तुकडा घेतला आणि जोडायचं मशिन उंबऱ्यावर ठेवून मांडी घालून बसला. काचेची तार सोलून काढली तर आत केसाएवढी. दोन टोकं मशिनमध्ये समोरासमोर धरली, छोट्या पडद्यावर ती ओंडक्यांएवढी मोठी दिसली, एक ठिणगी पडली आणि दोन्ही वितळून एक झाली. वर बारीक नळी चढवून गरम केली. मीटर लावलं: उणे २०. दार लावलं: उणे २०. जेवून जा म्हटलं, तर अजून दोन घरं आहेत म्हणाला. तिळाच्या वड्या बांधून दिल्या.

तर माझा निकाल असा. फायबरची लाइन पाचपैकी साडेचार. फुकटची पेटी एक. ती घ्यावीच लागते, पण तिचं वायफाय बंद करून स्वतःचा राउटर लावा. जोडणी एक. हेल्पलाइन अर्धा, तोही मुलगी गोड बोलते म्हणून. मीटरवाल्या मुलाला पाच, आणि त्याला कंपनीने सकाळी अकराला नव्हे तर लोकांची अडचण असते त्या वेळेला पाठवावं. गावभागात, खणभागात ज्यांची जुनी घरं आहेत त्यांनी जोडणीच्या दिवशी पोरांच्या मागे उभं राहावं. तार दार-खिडकीच्या चौकटीतून नेऊ देऊ नका, आणि घरातल्या शेवटच्या खोलीत आकडा दाखवल्याशिवाय सही करू नका. मीटर आणलंय का विचारा. नुसतं विचारलं तरी पोरं जरा नीट काम करतात.

फेब्रुवारीपासून नेट पडलेलं नाही. वापर महिन्याला २०० जीबीच्या आसपास, प्लॅनची मर्यादा ३,३०० आहे, तिथवर आमच्या सात पिढ्या पोचणार नाहीत. पान उघडताना सुरुवातीलाच क्षणभर थबकायचं, ते राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ केल्यावर कमी झालं. कुठलंही नाव टाकलं की आधी त्याचा पत्ता विचारावा लागतो, कंपनीचा सांगणारा जरा आळशी होता एवढंच. स्पीडचा आकडा त्याने वाढत नाही, तशी जाहिरात कुणी केली तर ऐकू नका.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं निघालं. फोनवर झटकन उघडणारं पान त्याच्यावर रेंगाळायचं. जुनी फिरती हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, ब्राउझरमध्ये मी उघडून ठेवलेले तीस टॅब. एसएसडी बसवली, रॅम ८ केली. हे सगळं मी तीन महिने केबलवाल्याच्या नावे टाकत होते, ती नोंद उलटवते.

आणि ११ व २० तारखेला, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, दुपारनंतर जीएसटीचा पोर्टल रांगतो, तो १०० वर रांगतो तसाच १००० वरही रांगेल. तेव्हा दुसरं एखादं पान उघडून बघायचं. ते पटकन आलं तर उठून चहा ठेवायचा. वर्तमानपत्रांची पानं तर कधीच धड उघडत नाहीत, बातमीच्या चार ओळी आणि आपोआप वाजणारे तीन व्हिडिओ. त्याला केबलवाला तरी काय करणार.

मे महिन्यात नूतनीकरणाला गल्लीतला माणूस आला. ‘वहिनी, आता तर झक्कास चाललंय. वर्षाचं एकदम भरा, दोन महिने फुकट देतो.’ बिल घेऊन आला होता, नंबरासकट, न मागता. मी सहा महिन्यांचेच भरले.